दूध कशात तापवता?

माझ्या बाबांच्या आधी आजीला दोन मुलगे झाले होते. एक रांगत होता, दुसरा तर चालायला लागलेला, आणि दोघंही दोन वर्षांचे व्हायच्या आत गेले. साताऱ्याकडचं गाव, दारात दोन म्हशी, कशाची ददात नाही असं घर. काय झालं होतं गं त्यांना, असं विचारलं की आजी म्हणायची, "लिव्हर झालं." पोट तट्ट फुगायचं, हातपाय काटकुळे, पोर सारखं चिरचिर करायचं, अंगात बारीक कणकण, भरवायला घेतलं की तोंड फिरवायचं, आणि मग एक दिवस डोळे पिवळे दिसायचे. डोळे पिवळे झाले की मोठी माणसं समजून जायची. त्यानंतर पोटात पाणी आणि मग थोडेच महिने. "गावात चार-पाच घरं होती की अशी," हे ती इतक्या सरळ आवाजात सांगायची की गोवर असतो, कांजिण्या असतात, तसं हेपण एक असतं असं मी लहानपणी धरूनच चालले होते.

ते नक्की काय होतं हे कळलं फार उशिरा, आणि तेही दुसरंच काहीतरी शोधताना. मावसबहीण बाळंत झाली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर घुटीवरून जुंपली. मावशीचं म्हणणं सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, सुंठ, हिरडा, जायफळ, सगळ्याचे दोन-दोन वेढे उगाळून द्यायचेच, त्याशिवाय बाळाचं पोट साफ राहत नाही. बहिणीच्या डॉक्टरांचं म्हणणं सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबही नाही. मी आपली मध्यस्थी करायची म्हणून लहान मुलांचं पोट, यकृत, जडीबुटी असं काय काय वाचत बसले आणि वाचता वाचता एका जुन्या रिसर्च पेपरापाशी थबकले, कारण त्यातलं लक्षणांचं वर्णन शब्दाला शब्द आजीचं होतं.

पुस्तकातलं नाव इंडियन चाइल्डहुड सिरोसिस. डॉक्टर लोक आयसीसी म्हणतात (क्रिकेटवाली नव्हे). १८८७ साली कलकत्त्यात सेन नावाच्या डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली आणि तिथून पुढे जवळजवळ शंभर वर्षं हा आजार देशभरच्या बालरोग वॉर्डांत ठाण मांडून बसला. सहा महिने ते पाच वर्षं या वयातली मुलं, त्यातही जास्त करून एक ते तीन. यकृत वाढायचं आणि दगडासारखं कडक व्हायचं, बोटांना त्याची धारदार कड लागायची. उपाय काही नाही. कावीळ झाल्यावर आलेलं मूल बहुतेक वेळा जायचंच.

आणि हा आजार कुणाला व्हायचा ते बघितलं की डोकंच चालेनासं होतं. कुपोषणाचा आजार म्हणावा तर तसं नाही, गरिबाघरची पोरं यातून बऱ्यापैकी सुटायची. मध्यमवर्गीय, बहुतेक वेळा शेतीवाडी असलेली, खेड्यातली किंवा निमशहरी हिंदू कुटुंबं. मुसलमान आणि ख्रिश्चन घरांत फार कमी. एका घरात एकाला झाला की पाठच्या भावंडालाही व्हायची भीती, म्हणजे रक्तातलं काहीतरी असणार असं वाटावं. खाऊनपिऊन सुखी घरातलं लाडाचं पोर, त्याला दूधदुभतं भरपूर, आणि त्यालाच हे. मायक्रोस्कोपखाली त्या यकृतात जे दिसायचं त्यातलं काही काही तर दारू पिणाऱ्या माणसाच्या यकृतात दिसतं तसं होतं. दीड वर्षाच्या पोराच्या! व्हायरस असेल, भुईमुगावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन असेल, आनुवंशिक असेल, सगळे तर्क लढवून झाले. प्रत्येक तर्काला कुणीतरी चिकटून होतं आणि मुलं मरत होती.

घरोघरी उपाय चालू होते ते वेगळेच. आमच्या आजीने कोरफडीचा गर दिला, माक्याचा रस दिला, कुटकीचा काढा दिला, भुईआवळी वाटून दिली. मद्रासहून जम्मीच्या लिव्हर क्युअरच्या बाटल्या यायच्या, तेव्हा त्या औषधाचं नाव फार मोठं होतं, ती पण कुणीतरी आणून दिली होती. पुढे १९५५ मध्ये लिव्ह-५२ आलं. थोडक्यात या देशात यकृताच्या औषधांना तोटा कधीच नव्हता, अजूनही नाही, आणि त्यातली भुईआवळी तर चक्क लॅन्सेट या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकापर्यंत जाऊन आली. १९८८ मध्ये मद्रासच्या त्यागराजन आणि मंडळींचा पेपर आला, सोबत ब्लुमबर्ग, म्हणजे हिपॅटायटिस बी चा शोध लावून नोबेल मिळवलेला माणूस. हिपॅटायटिस बी चा व्हायरस अंगात घेऊन फिरणाऱ्या लोकांना महिनाभर भुईआवळीची पूड दिली तर ५९ टक्क्यांच्या रक्तातून व्हायरसची खूण गेली, आणि खोटं औषध घेतलेल्यांपैकी ४ टक्क्यांच्याच. केवढी खळबळ! पण नंतर इतरांनी तो प्रयोग करून बघितला तेव्हा तसं काही दिसेना, आणि हळूहळू ती हवा निघून गेली. मला यात वनस्पतीची चेष्टा करायची नाहीये, माझ्या स्वतःच्या कुंडीत माका आहे आणि केसांना त्याचं तेल लावते मी. पण आपल्याला सवय अशी लागलीये की आजार म्हटला की लगेच औषध कुठलं हे शोधायचं, पाल्यात नाहीतर गोळीत. आजाराचं कारण घरातच, डोळ्यांसमोर घासूनपुसून ठेवलेलं असेल तर?

इथे पुणं येतं. पुण्याचं केईएम हॉस्पिटल, रास्ता पेठेतलं, मुंबईचं केईएम वेगळं. डॉ. बानू कोयाजींनी कितीतरी वर्षं सांभाळलेलं, आणि वढूसारख्या गावांपर्यंत जाऊन काम करणारं, त्यामुळे खेड्यातल्या आया तिथे यायच्या. तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे, आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर. सुरुवात मात्र लंडनमध्ये झाली. १९७८ साली टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांवर ऑर्सिन नावाचा रंग टाकून पाहिला, तर पेशींमध्ये गडद ठिपकेच ठिपके. हा रंग तांबं धरून बसलेल्या प्रथिनाला पकडतो. पुढच्या वर्षी पंडितांसोबत त्यांनी प्रत्यक्ष तांबं मोजलं. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं, आणि या मुलांच्यात ते कित्येकशे, काहींच्यात हजारांत. तांबं साठण्याचा एक आनुवंशिक आजार तेव्हा माहीत होता, विल्सनचा, पण तो इतक्या लहान वयात असा दिसत नाही आणि त्यात रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, कमी असतं, इथे ते नॉर्मल. म्हणजे विल्सन नाही. मग एवढं तांबं आलं कुठून?

मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात भारी वाटतो तो यापुढचा टप्पा, कारण यापुढे मशीन नाही, रंग नाही, काही नाही. आयांना विचारायला सुरुवात केली. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं का म्हशीचं? ते तापवता कशात? तापवल्यावर ठेवता कशात? पाजता कशाने? कुठल्याही आजीने कुठल्याही सुनेला विचारावे असे प्रश्न. आजारी मुलांच्या घरी आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या घरी, दोन्हीकडे तेच प्रश्न. आणि उत्तर आलं: आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं, आणि ते पितळेच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं. १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये हे छापून आलं, टॅनर, कांतार्जियन, भावे आणि पंडित यांच्या नावाने. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, त्यातही तांबंच जास्त, हे शाळेत आपण सगळेच पाठ करतो.

हे वाचलं तेव्हा मी आत्याला फोन केला. आत्या बाबांपेक्षा मोठी, पहिल्या दोघांच्या मधली, आणि ती जगली. मी विचारलं, आजी दूध कशात तापवायची गं? तर म्हणाली, कशात म्हणजे, पितळेच्या पातेल्यात, अजून कशात! बरं, कल्हई असायची ना आतून? "मोठ्या पातेल्यांना असायची. दिवाळीच्या आधी कल्हईवाला यायचा, भाता लावून बसायचा वाड्याच्या तोंडाशी, आम्ही सगळी पोरं भोवती. पण बाळाची तपेली केवढीशी गं, तिला कोण कल्हई लावत बसतंय. आणि लावली तरी रोज चिंच आणि राख लावून घासायची, राहणार कुठे!"

ज्यांनी कल्हई बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. भांडं लालबुंद तापवायचं, आत नवसागराची पूड टाकायची की भपकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झपझप आतून फिरवायचं, पिवळं भांडं आतून पांढरं लख्ख. कथील म्हणजे टिन. अन्न आणि पितळ यांच्यात त्याचा पडदा. का लावायची कल्हई? तर नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. ताक, आमटी, चिंचेचं सार काहीही बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं की कळकतं, हिरवट होतं, तोंडात घेतलं की जीभ आखडते, उलट्या होतात. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे पितळेतून काहीतरी अन्नात उतरतं आणि ते वाईट असतं, एवढं ज्ञान शंभर नंबरी होतं आणि ते कुठल्या पेपरातून आलेलं नव्हतं. पण ते आंबटापाशी येऊन थांबलं. दूध काय आंबट असतं का? दूध तर गोड. दूध कळकलं असं मी आजीच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आत्यानेही ऐकलं नाही. जिभेला जे कळतं ते बायकांनी कधीच ओळखून ठेवलं होतं, आणि हे जिभेला कळणारं नव्हतंच.

दुधात कसं उतरतं तांबं, त्यावर ओनील आणि टॅनर यांचा १९८९ चा वेगळा पेपर आहे. दुधातलं मुख्य प्रथिन केसिन, ते तांब्याला धरून ठेवतं. पाणी पितळेत ठेवलं तर थोडंफार तांबं येतं आणि थांबतं, दूध मात्र ओढत राहतं, तापवलं की जास्त, आणि तापवून त्याच भांड्यात झाकून ठेवलं की अजून जास्त. आणि आपली पद्धत काय? सकाळी धार काढून आणलेलं दूध तापवायचं, बाळ उठलं की पुन्हा कोमट करायचं, दुपारी पुन्हा, रात्री पुन्हा, उन्हाळा असेल तर नासू नये म्हणून अजून एकदा. काळजी जितकी जास्त तितकं तांबं जास्त.

त्यात बाळाचं यकृत. पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून तांब्याचा साठा करून घेतं, जन्मतःच त्याच्या यकृतात मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त तांबं असतं आणि ते साहजिक आहे, कारण आईच्या दुधात तांबं अगदी कमी, साधारण लिटरला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. साठ्यातलं हळूहळू वापरायचं अशी सगळी योजना. नको असलेलं तांबं शरीर पित्तावाटे बाहेर टाकतं, पण तान्ह्या बाळाची ती व्यवस्था अजून कच्ची असते. अशा भरलेल्या कोठारात रोज वरून तांबं ओतत राहायचं, तेही लाडाने, बोंडल्याने पाजून. आता ती "गरीब घरातली मुलं सुटायची" ही भानगड पण उलगडते. गरिबाकडे म्हैस नाही, मूल दोन-अडीच वर्षं अंगावर पितं, आणि घरात भांडी असतील तर मातीची नाहीतर जर्मनची. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, आमच्याकडे अजून तोच शब्द आहे.

आणि बाबा. बाबांच्या वेळेपर्यंत आजोबांवर कर्ज झालेलं, म्हशी विकल्या, आजोबा पुण्याला एका छापखान्यात लागले आणि बिऱ्हाड एका वाड्यातल्या खोलीत आलं. गावची भांडी गावीच राहिली. पुण्यात दूध गवळ्याचं, चहापुरतं, आणि ते तापवायला जर्मनचं पातेलं. बाबा अंगावर प्यायले तिसरं लागेपर्यंत, कारण वरचं दूध परवडतच नव्हतं. आजी शेवटपर्यंत सांगायची की तिने जोतिबाला नवस बोलला होता म्हणून हा राहिला. मी तिच्याशी वाद घातला नसता, घालायचं कारणही नाही, आणि खरं सांगायचं तर एका घरातल्या चार मुलांवरून काहीच सिद्ध होत नसतं. आत्या त्याच पितळी तपेलीतलं दूध पिऊन आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे आणि मला फोनवर दम देते. पण दारिद्र्याने एक पोर वाचवलं असेल ही शक्यता डोक्यातून जात नाही.

पुढचं काम तसं सरळ होतं पण चिकाटीचं. ज्या घरात एक मूल या आजाराने गेलं त्या घरी जाऊन सांगायचं, पुढच्या बाळाला जमेल तितकं अंगावर पाजा आणि वरचं दूध देणार असाल तर पितळ-तांब्यात नको, स्टीलमध्ये तापवा. १९९२ मध्ये भावे, पंडित आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हा आजार टाळता येतो. दुसरीकडे ज्या मुलांना आधीच झालाय त्यांच्यासाठी डी-पेनिसिलामाइन वापरून बघितलं, हे विल्सनच्या आजारातलं औषध, शरीरातलं तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं. पार शेवटच्या टप्प्यात आलेल्या मुलांना त्याचा फार उपयोग व्हायचा नाही, पण कावीळ व्हायच्या आधी सापडलेली काही मुलं त्याने तगली. १९९६ मध्ये त्यांनी अशा बऱ्याच वर्षांनंतरही जिवंत असलेल्या मुलांचा पेपर लिहिला, त्यातल्या काहींचं यकृत तर पुन्हा जवळजवळ नेहमीसारखं झालं होतं. सिरोसिस झालेलं यकृत परत येत नाही असं ज्या काळात छातीठोक सांगत त्या काळात. मला त्यातलं एखादं मूल भेटलं तर फार आवडेल, आता चाळिशीत असेल, कदाचित त्याला माहीतही नसेल नीट.

पण एवढं सगळं करूनही आजार संपवला कुणी, असा प्रश्न विचारला तर माझं उत्तर बोहारीण. हसू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकात घरोघरी स्टील घुसलं ते काही कुणी लॅन्सेट वाचून नाही. स्टील हलकं, घासायला सोपं, चिंच नको, राख नको, कल्हईवाल्याची वाट बघणं नको, आणि जुन्या साड्या दिल्या की दारात मिळतं. माझी आई सांगते की तिच्या लग्नात रुखवतात पितळेचं काही आलं की सासूबाईंपेक्षा जावांचीच तोंडं वाकडी व्हायची, आता कोण वापरतं म्हणून. घंगाळं, बंब, हंडे मोडीत गेले, तांबट आळीतली ठोकाठोक कमी झाली, आणि त्याच सुमाराला वॉर्डांतून ही मुलं पण दिसेनाशी झाली. नव्वदीत तर डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांना दाखवायला पेशंट मिळेना. बायकांनी आपलं मनगट वाचवायला भांडी बदलली आणि त्यात पोरं वाचली. संशोधन झालं नसतं तरी वाचली असती का? बरीचशी, हो. पण का वाचली ते कळलं नसतं, आणि का वाचली हे माहीत असणं किती कामाचं आहे ते पुढे सांगते.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता पुढे जाणं मला बरं वाटत नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही. नायक आणि चितळे या पॅथॉलॉजिस्टांनी २०१३ मध्ये मोठा लेख लिहून सांगितलं की तांबं हे कारण नसून परिणाम असावा, यकृत आधी दुसऱ्याच कशाने तरी बिघडतं आणि मग त्यात तांबं साठतं. त्यांच्या मुद्द्यात दम आहे. पितळ काय फक्त त्या चार घरांत होतं? सगळ्या गावात होतं. मग बाकीची पोरं का नाही गेली? आत्या का नाही गेली? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांच्या नळाच्या पाण्यात तांबं भरपूर होतं, तिथे लहान मुलांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या तर यकृताच्या अशा आजाराने गेलेलं एकही मूल सापडलं नाही. नुसत्या तांब्याने भागत नाही, हे तर उघड आहे.

पण मग ऑस्ट्रियातलं टिरोल. आल्प्सच्या डोंगरातली खेडी, आपला त्यांचा काय संबंध? तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं अशाच आजाराने गेली. म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं. चर्चच्या नोंदींवरून घराणी शोधली, वंशावळी मांडल्या, तर आजार आईबाप दोघांकडून आला तरच होणाऱ्या आनुवंशिक दोषासारखा चालताना दिसला. आणि दूध? गाईचं, पाणी घालून, बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळलेलं. तिथली भांडी बदलली आणि आजार संपला. आई-बापाकडून आलेला दोष अधिक भांडं. दोन्ही लागतात, एकाने होत नाही. जर्मनीतही काही मुलं अशी सापडली, तिथे म्हैस नाही, गाय नाही, पितळही नाही. घरच्या विहिरीचं आम्लधर्मी पाणी तांब्याच्या पाइपातून यायचं आणि त्यात डब्याची पावडर कालवून बाळाला पाजायचे. तीन देश, तीन वेगळ्या वाटा. यातलं कुणीच कुणाचं बघून केलं नव्हतं. मला विचाराल तर मी पुणेकरांच्या बाजूची आहे, थोडी गाववाली म्हणून, आणि थोडी या टिरोलमुळे. टिरोलच्या मुलांमध्ये विल्सनचाच जीन असेल का म्हणून तेही तपासलं गेलं १९९८ मध्ये, तो नव्हता.

आता का लिहितेय हे सगळं, तर पितळ परत आलंय. इन्स्टा उघडा, कुणीतरी मंद प्रकाशात पितळेच्या पातेल्यात खीर ढवळतंय. आजीच्या काळात कुणाला काही व्हायचं नाही, हे वाक्य तर दर तिसऱ्या रीलवर. आजीच्या काळात काय व्हायचं ते आजीला विचारलंय का कुणी? माझा पितळेवर राग नाही, तांब्यावर तर अजिबात नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलंय की जंतू असलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं तर जुलाबाचे जंतू मरतात, आणि पाण्यात उतरलेलं तांबं डब्ल्यूएचओच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या, बरंच आत राहतं. म्हणजे रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायची आपली रीत चांगलीच होती. मोठ्या माणसाने कल्हईच्या पातेल्यात भात शिजवला तर काही बिघडत नाही. पण साधं पाणी वेगळं, आणि लिंबू पिळलेलं पाणी तांब्याच्या बाटलीत घालून जिमला नेणं वेगळं, आणि तान्ह्या बाळाचं दूध तर पूर्णच वेगळं. रीलमध्ये हे तिन्ही एकाच ओळीत येतं, खाली हॅशटॅग.

आणि तो आईबापाकडून येणारा दोष, जो काही असेल तो, स्टील आल्यामुळे कुणाच्या रक्तातून निघून गेलेला नाही. तो असेल तर आमच्या घराण्यातही असेल, बाबांच्यातून माझ्यात, कुणाच्या कुणात. पन्नास वर्षं त्याला तांबं मिळालं नाही म्हणून तो गप्प आहे इतकंच.

बहिणीच्या बाळाच्या बारशाला कुणीतरी हौसेने पितळेची तपेली, वाटी आणि चमचा असा सेट दिला, गोंडस आहे अगदी, वर बाळाचं नाव कोरलेलं, सोबत पारंपरिक धातूचे फायदे सांगणारं कार्ड. तिला मी सांगितलं, शोकेसमध्ये ठेव, पुढे भातुकलीला दे, पण दूध यात नाही. ती म्हणाली ताई कल्हई असेल ना पण आतून. आत बघितलं तर पिवळंधमक. कार्डवर नंबर होता, म्हटलं विचारून तर बघू. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला, त्याला कल्हई माहीत होती, हे बघून मला बरंच वाटलं. म्हणाला, "मिळेल ना मॅडम, कल्हईवाला पीस दोनशे रुपये जास्त पडतो. पण बेबी सेटमध्ये आम्ही ठेवत नाही तो, आतून पांढरा दिसतो ना, मग लोकांना वाटतं पितळ ओरिजिनल नाही."